निरंक रकान्यातली सुई

आमच्या ऑफिसात दुपारच्या चहाआधी पुकारा व्हायचा. हा शब्द निकम मॅडमचा. एकीने एका अहवालातला आकडा मोठ्याने वाचायचा, दुसरीने दुसऱ्या अहवालात तो शोधून तितक्याच मोठ्याने परत वाचायचा. नुसता आकडा नाही. कशाचा, कुठला, ओला की सुका, किलो की टन, सगळं. ‘वरीलप्रमाणे’ म्हटलेलं चालत नसे. पहिल्याच दिवशी मी ते म्हणून बसले, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“वर काय होतं?”

मला आठवेना.

“मग खाली काय वाचलंत तुम्ही?”

त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

नाशकात शरणपूर रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही नक्की काय करतो हे माझ्या सासरी अजून कुणाला नीट कळलेलं नाही. “कचऱ्याचं काहीतरी करते” म्हणतात आणि विषय बदलतात. कारखाने, दवाखाने, कचरा उचलणारे ठेकेदार, सगळ्यांना आपापल्या कचऱ्याची माहिती सरकारला द्यावी लागते, आणि तीही एकाच ठिकाणी नाही. एका नियमाखाली एक अहवाल, दुसऱ्याखाली दुसरा. एकाला महिन्याचा आकडा हवा, एकाला वर्षाचा. कचरा तोच, पण कागदावर त्याची वेगवेगळी रूपं. हे कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलत नाहीत ना, एवढं बघणं हे आमचं काम. मी त्याआधी शिकवणीच्या क्लासात रसायनशास्त्र शिकवायचे. क्लास बंद पडला म्हणून इकडे आले. मॅडम तिथे माझ्या कितीतरी आधीपासून होत्या.

कुसुम निकम. मूळच्या सटाण्याकडच्या. ठेंगण्या, घट्ट अंबाडा, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण लता हिच्याबरोबर इंदिरानगरच्या बाजूला राहायच्या. ऑफिसात अगदी छापील मराठी बोलायच्या, पण बहिणीचा फोन आला की गाडी थेट गावाकडे वळायची. “मी आते येस, तू वरण लावी ठेव,” असं काहीतरी चालू व्हायचं आणि आम्ही सगळे मान खाली घालून हसायचो. एरवी अहिराणी त्यांच्या तोंडून एकाच वेळी निघे. एखाद्या आकड्यावर बोट ठेवून त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, “हाऊ आकडा कोना शे?” हा आकडा कुणाचा आहे? ते ऐकलं की आम्ही चपला शोधायला लागायचो, कारण मग तो आकडा जिथे जन्मला तिथवर जायची पाळी यायची.

आणि त्या खरंच जायच्या. पिशवीत एक ताणकाटा असायचा, हुकाला वस्तू अडकवून वजन करायचा तो. खंडेनवमीला आम्ही सगळे संगणकांना फुलं वाहायचो, मॅडम मात्र तो काटा पुसून, त्याला हळदकुंकू लावून मधोमध ठेवायच्या. आमचे मालक वाघ सर दरवर्षी त्यांची तीच थट्टा करायचे, “मॅडम, भाजी घ्यायला निघालात का?” मॅडम दरवर्षी तेवढ्याच गांभीर्याने सांगायच्या, “सर, संगणकाला वजन कळत नाही. त्याला आपण सांगू तेच कळतं.”

लोकांचा समज असा की आकडे तपासणारा माणूस आकडे जुळवतो. मॅडमना ‘जुळवणे’ या शब्दाचाच राग होता. एकदा अंबडच्या बाजूचा एक कारखानदार आमच्याकडे तावातावाने आला. सांडपाण्याच्या टाकीतून निघणारा गाळ त्याने एका अहवालात भरपूर दाखवला होता आणि दुसऱ्यात त्याच्या निम्म्याहून कमी. कुणीतरी त्याला घाबरवलं होतं, आणि दोन्हीकडे एकच आकडा टाकून द्या म्हणून तो हटून बसला होता.

मॅडमनी त्याला चहा मागवला. “तुमचं गाव कुठलं?”

“निफाड. पण त्याचं काय?”

“घरी द्राक्षबाग असेल.”

“हाये ना.”

“मग द्राक्षं तोलली आणि त्यांचेच बेदाणे करून तोलले, तर वजन सारखं भरेल का? पहिल्या अहवालात तुम्ही टाकीतून निघाला तसा ओला गाळ तोललाय. दुसऱ्यात उन्हात वाळवून पाठवलेला. दोन्ही आकडे खरे आहेत. एकसारखे केलेत की त्यातला एक खोटा होईल.”

तो गृहस्थ कप खाली ठेवून म्हणाला, “मग आता काय लिहायचं?” मॅडम म्हणाल्या, “जे झालं ते. ओला होता, वाळवला, म्हणून हलका झाला. शेऱ्याचा रकाना त्यासाठीच असतो.” तो गेल्यावर वाघ सर म्हणाले, इतक्या सोप्या भाषेत सांगितलंत तर लोक आपल्याकडे येतील कशाला. मॅडमना विनोद पटकन कळत नसत. त्या खरंच विचारात पडल्या.

उलट, आकडे तंतोतंत जुळले की त्यांना तिथे पाणी मुरतंय असं वाटायचं. एका छोट्या दवाखान्याचा आणि त्याचा कचरा जाळायला नेणाऱ्या गाडीचा आकडा महिनोन्‌महिने हुबेहूब एक येत होता, दशांशापर्यंत. मला बरं वाटलं होतं. मॅडम मला घेऊन तिकडे गेल्या. तर गाडीवाला वजन करतच नव्हता. दवाखान्याचा कारकून जे लिहील तेच तोही लिहून घ्यायचा. कचरा सगळा जात होता, चोरी कसली नव्हती, नुसता आळस. मॅडमनी आरडाओरडा केला नाही. त्या दोघांना समोरासमोर उभं करून त्यांनी एवढंच सांगितलं, “दोन काटे आहेत तर दोन वजनं येऊ द्या. थोडा फरक पडेल, पडू द्या. चुका तरी आपापल्या करा.” कारकून हसला, तशा त्याही हसल्या. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

त्यांना मधुमेह होता, बऱ्याच वर्षांचा. जेवणाआधी त्या पिशवी घेऊन सामानाच्या खोलीत जायच्या, पोटात इन्सुलिन टोचून घ्यायच्या आणि परत येऊन डबा उघडायच्या. याचा बोभाटा त्यांनी कधी केला नाही. वापरलेली सुई ऑफिसच्या डब्यात मात्र टाकायच्या नाहीत. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून घरी न्यायच्या. आमच्या झाडूवाल्या मावशींना लागू नये म्हणून. ही काळजी मला फार मोठी वाटायची. घरी नेल्यावर त्या सुईचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला पडला नाही. खरं तर तो कुणालाच पडला नव्हता.

शोभा आमच्या ऑफिसात आली ती एका सकाळी, तिच्या मुकादमाबरोबर. घंटागाडीवर काम करायची. घरोघरचा कचरा गाडीत पडला की त्यात हात घालून ओला-सुका वेगळा करायचा, हे तिचं काम. तिच्या घरची माणसं पेठकडची, डोंगरातली, पण तिचं सगळं आयुष्य नाशकातच गेलेलं. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी. सुक्या कचऱ्याची पिशवी मोकळी करताना सुई घुसली होती. सरकारी दवाखान्यात तिला लगेच औषध सुरू केलं होतं, पण रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं होतं आणि खरं काय ते कळायला काही महिने जाणार होते. सुई कुणाला टोचलेली होती, त्या माणसाला कोणता आजार होता, काहीच ठाऊक नव्हतं.

मुकादमाला आमच्याकडून एक पत्र हवं होतं. त्याचं म्हणणं असं: या भागातल्या सगळ्या दवाखान्यांच्या सुया स्वतंत्र गाडीने जातात. तसे अहवाल तुम्हीच तपासलेत. घंटागाडीत सुई येतच नाही, तर हिला ती कामावर लागली कशी? ही संध्याकाळी एका दवाखान्यात लादी पुसायला जाते. तिथे लागली असेल. तुम्ही तसं लिहून दिलंत की ठेकेदार मोकळा. पत्र मिळालं असतं तर शोभाची जखम कामावरची धरली जाणार नव्हती, आणि तपासण्या संपेपर्यंत तिला कामावर ठेवायचं बंधनही कुणावर राहणार नव्हतं.

“मॅडम, मी सुई पाह्यली ना,” शोभा म्हणाली. “माझ्या बोटातून मीच उपसली. हे म्हनतात सुई नवतीच. मंग मला काय लागलं?”

मुकादम वाईट माणूस नव्हता. “मावशी, मी कुठं खोटं म्हनतोय? पण कागदावर नाय ना ती.”

मॅडमनी पत्र द्यायला वेळ मागून घेतला. पुढचे काही दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. त्या गाडीच्या रस्त्यावरचे सगळे दवाखाने त्यांनी पालथे घातले. पुकारा झाला, काटा निघाला, सुयांचे पांढरे डबे तोलले गेले. मला मनातून वाटत होतं की एखादा दवाखाना सापडावा, एकदाचा चोर मिळावा. पण सगळे स्वच्छ निघाले. जो फरक होता तो दोन काट्यांचा, बाकी काही नाही. आकडे मुकादमाच्या बाजूने बोलत होते.

मॅडमनी शोभाला पुन्हा बोलावलं. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

“सुई कशी होती ते सांग. मोठी? नळकांड्याला लावलेली?”

“नाय हो. बारकी. नखाएवढी. मागं अस्सं पिलास्टिकचं टोपन होतं, हिरवं. आधी मला वाटलं खेळन्यातलं कायतरी हाय.”

टेबलाखालची पिशवी मॅडमनी मांडीवर घेतली, त्यातली वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. आदल्या दिवशीची सुई होती.

“अशी?”

शोभा वाकली. “हां. ह्येच. अशीच होती.” मग तिने वर पाहिलं. “तुमच्याकडं कशी?”

“माझी आहे,” मॅडम म्हणाल्या. “साखरेची सुई. मी घरी नेते आणि पुडी करून सुक्या कचऱ्यात टाकते. तुझी गाडी आमच्या गल्लीत येते.”

मी त्या दोघींच्या मध्ये बसले होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. शोभा रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही. ती नुसती म्हणाली, “मंग ती तुमचीच होती का?” आणि निकम मॅडम, ज्यांनी जन्मभर ‘अंदाजे’ हा शब्द कुणाला उच्चारू दिला नाही, त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही गं. असेलही. नसेलही.”

ती गेल्यावर मॅडमनी कपाटातून त्या भागाच्या घरोघरच्या कचऱ्याचे, याच ठेकेदाराचे आणि आम्हीच तपासलेले, जुने अहवाल काढले. त्यात एक रकाना असतो: घरगुती घातक कचरा. दरवर्षी तिथे एकच शब्द होता, निरंक. म्हणजे काहीही नाही. दवाखान्यांचा अहवाल दवाखान्यांपुरता, त्यात घरची सुई येणार नाही. घरांच्या अहवालात ती यायला हवी, तर तिथे आम्ही समजून चाललो होतो की सुया म्हणजे दवाखान्यांचा विषय. म्हणून सगळे अहवाल एकमेकांशी नेटके जुळत होते. जी वस्तू कुठेच मोजली नाही, तिच्याबद्दल कागदांत भांडण होणार तरी कसं? दरवर्षी पुकाऱ्यात मॅडम म्हणायच्या, “घरगुती घातक कचरा, निरंक,” आणि मी समोरून म्हणायचे, “निरंक.” तेव्हा त्यांच्या पायाशी ती पिशवी असायची.

मला अजून वाटतं की दुसऱ्या कुणी असतं तर गप्प बसलं असतं. पत्र द्यायचं नाही एवढं केलं असतं तरी पुरे होतं. मॅडमनी पत्र दिलं, पण वेगळं. त्यात लिहिलं होतं: त्या रकान्यातलं निरंक चुकीचं आहे, तिथे ‘मोजलेलं नाही’ असं हवं होतं. इन्सुलिन घेणाऱ्या घरांतल्या सुया घंटागाडीत येतात. आणि हे मला माहीत आहे, कारण मी स्वतः त्या गल्लीत राहते आणि माझ्या सुया त्याच गाडीत टाकत आले आहे. खाली पूर्ण नाव.

वाघ सरांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. “मॅडम, आपणच तपासलेला अहवाल चुकीचा म्हणायचं? हा ठेकेदार आपल्याकडे परत येईल का?”

“नाही येणार बहुतेक.”

“बरं, ते राहू दे. तुमचं नाव कशाला? ‘काही घरांतून’ असं लिहा ना.”

“मग कुणाचं लिहू, सर? दुसऱ्या कुणाचं मला नक्की माहीत नाही.”

सरांनी पत्राची घडी घालून ते मॅडमच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, “मी यावर सही करणार नाही. पण अडवणारही नाही.” मॅडम म्हणाल्या, “माझी पुरे.”

ठेकेदाराच्या ऑफिसात त्यांच्याबरोबर मीही गेले. तिथे माणसं बरीच होती. त्यांच्यातल्या एकाने मुद्दाम मोठ्याने विचारलं, “म्हणजे मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, पर्यावरणाचं काम करणाऱ्या, आणि तुम्हीच सुया कचऱ्यात टाकता?” कुणीतरी हसलं. मॅडम उभ्या होत्या. “हो,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच सांगायला आले.” त्यांचा आवाज पुकाऱ्यातला होता, खणखणीत. पण परतताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला, आणि ऑफिस येईपर्यंत सोडला नाही.

शोभाची जखम कामावरची म्हणून नोंदली गेली. तिला हलक्या कामावर ठेवलं. त्या गाडीवरच्या सगळ्यांना जाड रबरी हातमोजे मिळाले. ठेकेदार अर्थातच आमच्याकडे परत आला नाही.

त्यानंतरचे महिने मात्र मॅडमचे फार वाईट गेले. शोभाचं रक्त अजून तपासायचं होतं. रोज सकाळी येताना त्या तिची चौकशी करून यायच्या. पुकारा चालू असताना मध्येच थांबायच्या आणि आपण कुठे होतो ते मला विचारायच्या. आधी असं कधी झालं नव्हतं. डबा अर्धा टाकायच्या. एकदा मी धीर करून म्हटलं, “मॅडम, ती सुई तुमचीच कशावरून? आणि तुम्हाला तर तसला काही आजारही नाही.” त्या म्हणाल्या, “माझी असती तर बरं, असं वाटतं मला आता. म्हणजे तिला काही झालं नसतं.”

सुट्टीच्या दिवशी त्या आपल्या वसाहतीत दारोदार फिरू लागल्या. घरात कुणी इन्सुलिन घेतं का, सुईचं काय करता. लोकांना ते आवडायचं नाही. साखरेचं दुखणं शेजाऱ्यापाशी बोलायला माणूस संकोचतो, आणि कचऱ्याबद्दल कुणी विचारलं की चिडतो. काहींनी दार लावून घेतलं. लताताई सांगत होत्या की एका घरी तर यांना वर्गणी मागायला आलेली बाई समजून बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. तरी त्या फिरल्या, आणि जिथे होकार मिळाला तिथे जाड पत्र्याचा एक डबा ठेवायला सांगून आल्या. वेगळा ठेवायचा, घट्ट बंद करायचा, आणि गाडीत टाकायचा नाही, हातात द्यायचा.

शेवटच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा शोभाने फोन ऑफिसातच केला. मॅडमनी ऐकलं, “बरं,” म्हणाल्या, फोन ठेवला आणि सामानाच्या खोलीत गेल्या. जेवणाची वेळ नव्हती. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. “काही निघालं नाही,” एवढंच म्हणाल्या. मग खुर्चीत बसून समोरचा अहवाल ओढला. “चला, वाचा.” मला वाचता येईना. त्या थांबल्या.

पुढे त्यांची मूत्रपिंडं साथ देईनाशी झाली. नोकरी सोडली, आठवड्यातून काही दिवस रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागायचं. मी भेटायला जायचे, पण तब्येतीचं त्यांना बोलायचं नसायचं. “नवीन मुलगी बरोबर वाचते का?” हे विचारायच्या. त्या गेल्या तेव्हा मी देवळालीला माहेरी होते. फोन आला आणि निघाले, पण पोचायला उशीर झाला. त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही दिवस आधी, आणि तेही रस्त्यावरून.

मी स्कूटीवरून ऑफिसला निघाले होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी उभी होती, म्हणून थांबले. बायका-पुरुष बादल्या घेऊन रांगेत, आणि सगळ्यांत पुढे मॅडम. काठी भिंतीला टेकवून ठेवलेली, अंगावर शाल, चेहरा सुजलेला. दोन्ही हातांनी पत्र्याचा डबा छातीशी धरलेला. समोर शोभा, आता पुन्हा गाडीवर आलेली, हात पुढे करून उभी, उघडा हात.

“आधी हातमोजे.”

“ओ मॅडम, द्या ना. गाडीत हायेत. घालते मंग.”

“आधी घाल.”

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मागच्या बादलीवाल्याने घड्याळ बघितलं. “आजी, द्या हो पटकन, कामावर जायचंय आम्हाला.” मॅडमनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. डबा त्या सोडत नव्हत्या. शोभा कुरकुरत गाडीकडे गेली, सीटखालून हातमोजे ओढून काढले, एक चढवला आणि हात वर करून दाखवला.

“दुसरा?”

शोभाला हसू आलं. तिने दुसराही घातला. मग मॅडमनी डब्याचं झाकण अंगठ्याने एकदा दाबून पाहिलं आणि डबा तिच्या हातात दिला. मी हाक मारणार होते, पण मागची माणसं पुढे सरकली. गाडी हलली. पुढच्या घरच्या बादलीत शोभाने हात घातला, तेव्हा हातमोजे तसेच होते. गाडी वळेपर्यंत मॅडम तिच्या हातांकडे बघत उभ्या होत्या.